ख्रिस्ती कॉलेजात 'कुटुंब' हा विषय शिकायला गेलेली आपली मुलगी नेमकं काय शिकते?

बारावीचा निकाल लागला की पुढचे दोन-तीन आठवडे आमच्या घरी पालकांची ये-जा सुरू असते. कुणाला डी.फार्मसीची चौकशी करायची असते, कुणाला नर्सिंगची, तर कुणी नुसती मार्कलिस्ट पुढे ठेवून 'आता काय करू, सर?' एवढंच विचारतं. यंदा एक प्रश्न मात्र कुवेतहून आला, व्हॉइस मेसेजवर. आमच्याकडे शिकलेल्या एका मुलीचे वालिद तिथे बरीच वर्षं ड्रायव्हर आहेत. त्यांचं म्हणणं असं, "अस्सलामु अलैकुम सर. पोरगी म्हणते मुंबईला नन लोकांच्या कॉलेजात जायचंय. बरं, जाऊ दे. पण विषय काय, तर कुटुंब आणि नातेसंबंध. आता नवरा-बायकोनं कसं राहायचं ते आपल्या पोरीला ख्रिश्चन लोकांनी शिकवायचं काय? आणि त्यात जिनं स्वतः लग्नच केलं नाही, तिनं?"

शेवटच्या वाक्यावर आम्हाला हसू आलं, खोटं कशाला बोला. पण त्या माणसाची फिक्र खरी आहे, आणि ती एकट्या त्यांची नाही. त्यांना जे उत्तर दिलं तेच थोडं सविस्तर इथे लिहीत आहोत.

आधी विषय काय आहे ते पाहू. होम सायन्स म्हटलं की आपल्याकडे अजून स्वयंपाक आणि शिवणकामच डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात त्यात आहारशास्त्र, वस्त्रशास्त्र, घरातल्या साधनांचं नियोजन, समाजात माहिती पोहोचवण्याचं शास्त्र आणि मानव विकास अशा शाखा आहेत. या मानव विकास शाखेला पूर्वी बऱ्याच ठिकाणी 'बालविकास आणि कौटुंबिक संबंध' म्हणत. मूल जन्मल्यापासून म्हातारपणापर्यंत माणूस कसा घडतो, आणि घरातली माणसं एकमेकांना कशी घडवतात किंवा बिघडवतात, हा तिचा अभ्यास. बायकोनं कसं वागावं, सुनेनं किती बोलावं, असले धडे त्यात नसतात. ते काम रुख्सतीच्या दिवशी खाला आणि फुफी मोफत करतातच!

मुंबईत न्यू मरीन लाइन्सला 'निर्मला निकेतन' नावाने दोन कॉलेजं आहेत, एक होम सायन्सचं आणि दुसरं सोशल वर्कचं. सोशल वर्कचं कॉलेज १९५५ सालचं. दोन्ही कॉलेजं 'डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी' या कॅथलिक भगिनींच्या संस्थेने उभी केली. या संस्थेच्या सिस्टर ननचा झगा घालत नाहीत. संस्था १७९० साली, फ्रान्समध्ये क्रांतीची धामधूम सुरू असताना जन्मली, आणि चारचौघांसारख्या कपड्यांत राहून काम करायचं हे तेव्हापासूनच ठरलेलं. त्यामुळे ऑफिसात साडी नेसून बसलेल्या बाई सिस्टर आहेत हे पालकांच्या लक्षातही येत नाही.

या विषयाची मुंबईतली एक मूळ तर आपल्याच मोहल्ल्यात सापडते. क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी १९२०च्या दशकात मुंबईत आले आणि त्यांनी नागपाड्यात 'नेबरहूड हाउस' सुरू केलं. गिरणी कामगार, गोदी कामगार, मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती, सगळ्यांची दाटीवाटीची ती वस्ती. तिथल्या चाळींतलं घरगुती जगणं पाहता पाहता हे काम शास्त्र शिकून करायला हवं असं त्यांना वाटू लागलं, आणि १९३६ साली टाटांच्या ट्रस्टच्या पैशातून सोशल वर्कचं कॉलेज निघालं. त्याचे पहिले संचालक मॅन्शार्टच. आज आपण त्या संस्थेला टिस म्हणून ओळखतो.

"पण आपल्या लोकांनी मुली कधी पाठवल्या काय?" असं कुणी विचारलं तर लखनौकडे बोट दाखवता येतं. अलीगढमध्ये १९०६ साली मुलींची शाळा काढणारे शेख अब्दुल्लाह, ज्यांना लोक 'पापा मियाँ' म्हणत, त्यांची मुलगी रशीद जहाँ लखनौच्या इझाबेला थोबर्न कॉलेजात शिकली. ते मेथडिस्ट मिशनचं कॉलेज. रशीद जहाँ पुढे डॉक्टर झाल्या, लेखिका झाल्या. अतिया हुसेन आणि कुर्रतुलऐन हैदर याही त्याच कॉलेजच्या. ज्या माणसाने मुसलमान मुलींसाठी स्वतः शाळा उभारली, त्यालाही पुढच्या तालीमसाठी मिशनचं कॉलेज परकं वाटलं नाही.

प्रार्थना, क्रॉस आणि घटनेचं कलम २८

आता दीनाची बाब. कॉलेजात भिंतीवर क्रॉस असेल. कार्यक्रमाची सुरुवात प्रार्थनेने होईल, डिसेंबरमध्ये गव्हाणीचा देखावा असेल. हे सगळं गृहीत धरूनच जावं, तिथे गेल्यावर धक्का बसल्याचं नाटक करू नये. पण घटनेच्या कलम २८ च्या तिसऱ्या पोटकलमात स्पष्ट आहे, की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शिक्षण संस्थेत, धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय सांगता येत नाही. विद्यार्थी सज्ञान नसेल तर पालकांची संमती लागते. हा हक्क आपल्या मुलीचा आहे. ती प्रार्थनेच्या वेळी अदबीने गप्प उभी राहिली तर त्यात तिच्या ईमानलाही धोका नाही आणि त्यांच्याही एतराजाचं कारण नाही.

एक गैरसमज इथेच दूर करू. "आपण अल्पसंख्याक, ते अल्पसंख्याक, मग मायनॉरिटी कोट्यात बसेलच" असं पालक हमखास म्हणतात. तसं नाही. कलम ३० प्रमाणे ख्रिस्ती समाजाने चालवलेल्या कॉलेजातला अल्पसंख्याक कोटा ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी असतो. आपली मुलगी उरलेल्या जागांसाठी गुणवत्तेवरच स्पर्धा करते. दरवर्षी दोन-चार घरं याच भरवशावर दुसरीकडे फॉर्म भरत नाहीत आणि जुलैमध्ये डोक्याला हात लावून बसतात.

हिजाबचे नियम कॉलेजागणिक वेगळे असतात. प्रॅक्टिकलचे कपडे, शुक्रवारची वेळ, रमजानमधली फील्डवर्कची धावपळ, हे सगळं प्रवेशाआधी आईने आणि मुलीने स्वतः जाऊन विचारावं. तिसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं धरू नये.

चौकोन, वर्तुळ आणि तुटक रेषा

पालकांना भीती क्रॉसची असते. आमच्या अनुभवात घराला हलवणारी गोष्ट दुसरीच निघाली.

काही वर्षांपूर्वी आमची एक विद्यार्थिनी, रायगडच्या किनाऱ्यावरची, अशाच एका ख्रिस्ती कॉलेजात हा विषय घेऊन गेली. अब्बा सौदीत, घरी अम्मी, दादी आणि धाकटा भाऊ. पहिलाच मोठा प्रकल्प होता आपल्या घराचा 'जिनोग्राम' काढायचा. तीन पिढ्यांचा नकाशा म्हणा ना. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ. गेलेल्या माणसाच्या खुणेत फुली. लग्नाच्या रेषेवर दोन तिरप्या रेघा असतील तर तलाक. दोन माणसांत कायमची धुसफूस असेल तर त्यांच्यामध्ये नागमोडी रेष. ही पद्धत अमेरिकेत मरे बोवेन या मानसोपचारतज्ज्ञाच्या कामातून आली. बोवेन यांचं म्हणणं असं, की घर म्हणजे सुट्या माणसांची बेरीज नव्हे, ते एकत्र बांधलेलं असतं. दोन माणसांतला ताण वाढला की ते तिसऱ्याला मध्ये ओढतात. अम्मी-अब्बांचं फोनवर वाजलं की अम्मी मुलीला म्हणते, 'तूच सांग तुझ्या अब्बांना.' तो त्रिकोण हाच.

मुलगी घरी येऊन वही उघडून बसली आणि पहिली अडचण आली. आपल्याकडे चाचा-मामाच्या घरात लग्नं होतात. तिच्या नकाशात एकच माणूस एका बाजूने मामू आणि दुसऱ्या बाजूने मोठ्या बहिणीचा सासरा. रेषा एकमेकींत अशा गुंतल्या, की वर्गात दाखवल्यावर बाईंनाही दोनदा विचारावं लागलं. मग वर्गात चर्चा निघाली. कॅथलिक मुलींनी सांगितलं की सख्ख्या चुलत-मामे भावंडांत लग्न करायला चर्चची खास परवानगी लागते. एक मराठा मुलगी म्हणाली, आमच्यात मामेबहीण चालते, चुलतबहीण नाही. प्रत्येकीला आपल्याच घरची रीत नैसर्गिक वाटत होती. आमच्या मते तो तास सगळ्या पुस्तकांपेक्षा मोलाचा झाला.

दुसरी अडचण खोल होती. नकाशात एका छताखाली राहणाऱ्या माणसांभोवती तुटक रेष काढतात. अब्बांना त्या रेषेच्या आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं? ते दोन वर्षांतून दोन महिने घरी. अम्मी म्हणाली, "आत. घर त्यांच्या पैशावर उभं आहे." भाऊ म्हणाला, "बाहेर. माझ्या एकाही पेरेंट मीटिंगला आलेत का?" दादी काही बोलली नाही. पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात यावर काम केलं आहे. व्हिएतनामच्या लढाईत बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरांत माणूस गेला असं म्हणता येत नव्हतं आणि आहे असंही म्हणता येत नव्हतं. अशा घरात कोण घरातला आणि कोण बाहेरचा हेच धूसर होतं, निर्णय कुणी घ्यायचे ते ठरत नाही, आणि दुःख करायलाही जागा राहत नाही. आपले लोक काही बेपत्ता नाहीत, रोज व्हिडिओ कॉलवर असतात. पण कोकणातल्या किती घरांत सुट्टीवर आलेला बाप पहिले पंधरा दिवस पाहुणा असतो, आणि उरलेले दीड महिने 'हे असं का, ते तसं का' म्हणून सगळ्यांशी वाद घालतो, ते आपल्याला माहीत आहे. याला नाव आहे, यावर अभ्यास आहे, हे त्या मुलीला पहिल्यांदा कळलं. ती म्हणाली, "सर, मला वाटायचं आमचे अब्बाच रागीट आहेत."

तिसरी गोष्ट लिहावी की नाही यावर आम्ही विचार केला. मुलीने विचारून परवानगी दिली म्हणून लिहीत आहोत. दादीकडून माणसांची नावं घेताना वर्तुळं मोजली तर एक जास्त भरलं. अब्बांना एक मोठी बहीण होती, जिला तलाक होऊन ती परत आली होती आणि दोन वर्षांत वारली. घरात तिचं नाव कुणी घेत नसे. अम्मी चिडली, "हे कशाला लिहितेस वहीत? ते कॉलेजवाले वाचतील ना!" मुलीने बाईंना तसं सांगितलं. बाईंनी लगेच नावं बदलायला किंवा ती शाखा गाळायलाही मुभा दिली. मुलीने नावं बदलली, पण वर्तुळ ठेवलं. त्यात फुली, रेषेवर दोन रेघा.

म्हणून पालकांना आमचं सांगणं असतं की मुलगी या विषयाला गेली तर ती सुट्टीत प्रश्न घेऊन येईल. ते प्रश्न चर्चमधून येणार नाहीत, आपल्याच माजघरातून निघतील. त्याची तयारी ठेवा. आणि मुलीलाही सांगा, घरच्या माणसांची इज्जत वर्गाच्या गुणांसाठी उघडी करायची नाही. नाव बदलण्याचा, न सांगण्याचा हक्क तिला आहे आणि चांगले शिक्षक तो मानतात.

वर्गातली एकटी मुसलमान

आता एक रास्त तक्रार, कॉलेजविरुद्ध नाही, आपल्याविरुद्ध. त्या वर्गात ती एकटी मुसलमान होती. विवाह आणि कायदा हा भाग सुरू झाला की सगळ्या मानेने तिच्याकडे वळत. तीन तलाकचं काय? चार बायकांचं काय? तिला काहीच नीट सांगता येईना. दहा वर्षं मदरशात नाझरा पढलेली मुलगी, पण निकाह हा एक करार, 'अक्द' आहे, त्यात मुलीची संमती आणि मेहेर लागतो, अटी घालता येतात, हे तिला कुणी समजावलं नव्हतं. अम्मीच्या निकाहनाम्यावर मेहेर किती हेही माहीत नव्हतं. विचारल्यावर अम्मीलाही आठवेना!

मग रविवारी ती आमच्याकडे येऊन बसू लागली. आम्ही काही आलिम नाही, पण जे वाचलं होतं ते सांगितलं. हिंदू परंपरेत विवाह संस्कार, कॅथलिक चर्चमध्ये सात पवित्र संस्कारांपैकी एक आणि न तुटणारा, आपल्याकडे अल्लाहला साक्ष ठेवून केलेला करार. या तीन कल्पना शेजारी ठेवल्या की प्रत्येक समाजाचा घटस्फोटाचा कायदा तसा का आहे ते उलगडतं. १९३९च्या कायद्याने मुसलमान बायकोला क्रूरता, दोन वर्षं खर्च न देणं, चार वर्षं नवऱ्याचा पत्ता नसणं अशा कारणांवर कोर्टातून विवाह संपवण्याची वाट मिळाली. भारतातल्या ख्रिस्ती बायकांना मात्र १८६९च्या कायद्याखाली निव्वळ छळाच्या कारणावर घटस्फोट मिळत नव्हता. नवऱ्याइतकीच कारणं मिळायला २००१ची दुरुस्ती यावी लागली. हे तिने वर्गात सांगितलं तेव्हा सगळ्यात जास्त प्रश्न कॅथलिक मुलींनी विचारले. तीन तलाकवरचा २०१७चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आणि २०१९चा कायदाही तिने वाचला. आपल्या घरांत झालेला जुलूम तिने झाकला नाही.

आणि सूरह निसाच्या ३५व्या आयतीकडे तिचं लक्ष वेधलं. मियाँ-बिवीत बिघाड होईल अशी भीती असेल तर दोन्ही घरांकडून एकेक मध्यस्थ नेमावा, हा हुकूम तिथे आहे. फॅमिली कोर्टाचा १९८४चा कायदाही न्यायाधीशाला आधी समेटाचा प्रयत्न करायला सांगतो आणि त्यासाठी समुपदेशकांची सोय करतो. तिला दोन्हींतलं साम्य दिसलं आणि तिने त्यावरच निबंध लिहिला.

ननने लग्न केलेलं नाही, ती काय शिकवणार, या प्रश्नाचं उत्तरही इथेच येतं. बहुतेक तास घेणाऱ्या बाई संसारी असतात, सगळ्या धर्मांच्या असतात. पण कॅथलिक समाजाने लग्नाआधीच्या तयारीचा विचार खूप केला आहे हे मानायला हवं. मुंबईत कॅथलिक जोडप्याला चर्चमध्ये लग्न करायचं तर आधी विवाहपूर्व शिबिर करावं लागतं. पैसा, सासर, मुलं, भांडण, सगळ्यावर बोलणं होतं. मलेशियात मुसलमान जोडप्यांनाही निकाहाआधी असा कोर्स करावा लागतो. आपल्या जमातीत हॉलचं भाडं आणि वरातीची वेळ यावर दोन मीटिंगा होतात, नवरा-नवरीला मात्र कुणी तासभरही समोर बसवत नाही.

एका गोष्टीबाबत सावध राहावं. पुस्तकं बरीचशी अमेरिकन आहेत. डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या घरांवरून पालकांचे प्रकार पाडले. हुकूमशाही, अधिकार राखून समजून घेणारे, आणि मोकाट सोडणारे. आमच्या विद्यार्थिनीने पहिल्या वाचनात अम्मीला 'हुकूमशाही' ठरवून टाकलं. नंतर रूथ चाओ यांचं १९९४चं लिखाण हाती आलं. चिनी घरांतला कडकपणा म्हणजे मुलाला घडवण्याची काळजीही असते, अमेरिकन माप त्याला जसंच्या तसं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. तुर्कस्तानच्या चिदेम काअतचिबाशी यांनी तर दाखवलं, की समाज श्रीमंत झाला, शहरात गेला तरी घरातली मनाची बांधिलकी संपत नाही. मूल स्वतंत्र विचाराचं आणि घराशी जोडलेलं, दोन्ही असू शकतं. हे वाचून अम्मीची सुटका झाली.

पुढे काय?

पदवीनंतर बालवाडी, विशेष मुलांच्या शाळा, अंगणवाडी प्रकल्प, शाळेतलं समुपदेशन, असे रस्ते आहेत. फॅमिली कोर्टात विवाह समुपदेशक व्हायचं तर साधारणपणे सोशल वर्कची पदव्युत्तर पदवी लागते. टिस आणि मुंबई पोलिसांनी १९८४ साली महिला आणि मुलांसाठी जो 'स्पेशल सेल' सुरू केला, तो आता महाराष्ट्रभर आहे, तिथेही अशा मुली लागतात. पगार इंजिनिअरसारखा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पण आमच्या डोळ्यांपुढे वेगळंच ठिकाण आहे. आमच्या भागातल्या जमातीपुढे महिन्याला एखाददुसरं तरी घर येतं. समोर पाच-सात बुजुर्ग बसतात, नेक माणसं आहेत. मुलगी पडद्याआडून बोलते, किंवा तिचा भाऊ तिच्या वतीने बोलतो. मारहाण झाली असेल तर ती सहा पुरुषांसमोर कशी सांगणार? जमातीने तिथे एक शिकलेली बाई बसवायची ठरवली, तर बसायला आहे कोण? आम्ही गेल्या वर्षी सदरसाहेबांना हे बोललो. ते म्हणाले, "आणा एखादी, आम्ही ना कुठे म्हणतो?"

कुवेतच्या भाईंना आम्ही हे सगळं तीन व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं. आमच्या जुन्या विद्यार्थिनीने, ती आता मुंबईत सोशल वर्क शिकते आहे, मुलीच्या अम्मीशी फोनवर तासभर बोलणं केलं. चार दिवस उत्तर नव्हतं. मग एका रात्री मेसेज आला. फॉर्म भरायला सांगितलंय, सुट्टीवर आल्यावर कॉलेज स्वतः बघणार. आणि शेवटी जरा थांबून, "सर, त्या तुटक रेषेचं काय झालं? त्या पोरीनं बापाला आत घेतलं का बाहेर?"

आम्ही विचारून कळवलं. तिने दोन नकाशे काढले होते. एक अब्बा सौदीत असतानाचा आणि एक सुट्टीतला.